रॉलिन्स, कोल्ट्रेन आणि माझी एक चूक

आमच्या कुरुंद्याकडं वरातीच्या बँडमध्ये सॅक्सोफोन असतो, त्यामुळे हे वाद्य तुम्हाला परकं नाही. अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं १८४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण त्याला खरा बोलका केला तो जॅझनं.

टेनर सॅक्सोफोनचे दोन मूळपुरुष धरा. कोलमन हॉकिन्स प्रत्येक स्वरसंगतीत शिरून तिचे स्वर उलगडायचे, आवाज भरदार. लेस्टर यंग त्याच संगतींवरून हलकेच तरंगत सरळ, निवांत ओळ गुंफायचे. पुढच्या पिढीत आले सनी रॉलिन्स आणि जॉन कोल्ट्रेन. १९५६ च्या मे महिन्यात 'टेनर मॅडनेस'साठी दोघं एकत्र वाजले. त्यात आधी कोल्ट्रेन येतात: टोकदार सूर, मागे काहीतरी लागल्यासारखी ओढ. मग रॉलिन्स. ते एक छोटा तुकडा उचलतात, उलटवून बघतात, थांबतात, पुन्हा घेतात. मुखडा धरून बढत करणारा गवईच म्हणा ना! कोल्ट्रेनांच्या ताना तर पुढं इतक्या दाट झाल्या, की १९५८ मध्ये समीक्षक आयरा गिटलर यांनी त्यांना 'ध्वनीच्या चादरी' म्हटलं.

वर्गात मी बरीच वर्षं सांगायचो, 'रॉलिन्स विचार करतात, कोल्ट्रेन प्रार्थना करतात.' वाक्य टाळ्यांचं होतं, पण चूक होतं. कोल्ट्रेनांनी १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं 'जायंट स्टेप्स' ऐका. संगती भराभर बदलतात, केवढं गणित आहे त्यात! आणि विचारवंत ठरवलेले रॉलिन्स? त्याच वर्षी, ऐन प्रसिद्धीत, त्यांनी कार्यक्रम थांबवले आणि न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर तासन्‌तास रियाज केला. पुढं ते आपल्या पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिले. ध्यान जमेना, तेव्हा वादन हेच तुमचं ध्यान, असं स्वामींनी सांगितल्याची आठवण रॉलिन्स यांनी सांगितली आहे. १९७८ मध्ये मुंबईच्या जॅझ यात्रेत ते वाजवायलाही आले.

म्हणजे विचार आणि प्रार्थना दोघांकडंही होत्या. मग फरक कुठं? माझ्या मते, कोल्ट्रेन एका स्वरसंगतीतल्या साऱ्या शक्यता संपवल्याशिवाय हलत नाहीत. रॉलिन्स एकाच शक्यतेवर विश्वास टाकून तिला वाढू देतात. सत्य शोधायच्या या दोन रीती आहेत. त्यांत पहिला-दुसरा नंबर लावायचा मोह मला आवरला नाही, आणि त्यापायी मी दोघांनाही अर्धंच ऐकलं. तुम्ही तसं करू नका. आज घरी 'टेनर मॅडनेस' डोळे मिटून ऐका. कोण कधी वाजवतंय हे ओळखू आलं, की तुलनेला सुरुवात झाली समजा.