शहर दुरावल्यावर मिळालेले नाव

'हामहुंग नेंगम्यन' हा कोरियन पदार्थ घरी करणे फारसे अवघड नाही. 'नेंगम्यन' म्हणजे थंड शेवया. रताळ्याच्या सत्त्वाच्या बारीक शेवया क्षणभर उकळायच्या, गार पाण्यात चोळून धुवायच्या आणि लाल मिरचीची पूड, गोचुजांग हे मिरचीचे आंबवलेले वाटण, व्हिनेगर, साखर, लसूण, तिळाचे तेल व नाशपातीचा कीस यांत कालवायच्या. वर काकडी आणि अर्धे उकडलेले अंडे. शेवया इतक्या चिवट होतात की पुष्कळदा त्या कात्रीने कापून खाव्या लागतात. या साध्या कृतीमागचा इतिहास मात्र साधा नाही.

आज उन्हाळ्यात खाल्ल्या जाणाऱ्या थंड शेवया मुळात हिवाळ्यातल्या. होंग सक्मो याच्या १८४९ सालच्या 'दोंगुक सेसिगी' या सणवारांविषयीच्या ग्रंथात त्यांची नोंद अकराव्या चांद्रमासात येते. भाज्या, मांस, तेल व सोयाचा रस घालून कालवलेल्या शेवयांचाही तेथे उल्लेख आहे. तिखटाची जोड नंतरची. अमेरिका खंडातली जी मिरची पोर्तुगीजांनी गोव्यात आणली, तिला कोरियात १६१४ च्या 'जिबोंग युसल' या ग्रंथात 'जपानी मोहरी' असे म्हटलेले आढळते.

प्याँगयांगच्या बाजूला कुट्टूच्या पिठाच्या शेवया पातळ, सौम्य रसात खाण्याची रीत होती. ईशान्येकडील डोंगराळ हामग्याँग प्रांतात बटाटा पिकत असे आणि समुद्र जवळ होता. त्यामुळे तेथे बटाट्याच्या सत्त्वाच्या शेवया आणि लेपीसारखे चपटे मासे तिखटात मुरवून त्यांवर घालणे, ही पद्धत रूढ झाली. पिठाचा गोळा सोऱ्यासारख्या साच्यातून थेट आधणात पाडायचा. या पदार्थाला लोक नुसते 'सत्त्वाच्या शेवया' म्हणत. शहराचे नाव लावण्याची गरजच नव्हती.

ती गरज युद्धाने निर्माण केली. डिसेंबर १९५० मध्ये हामहुंगजवळच्या हुंगनाम बंदरातून अमेरिकी सैन्याने माघार घेतली, तेव्हा सुमारे एक लाख नागरिकही जहाजांतून दक्षिणेकडे गेले. 'मेरेडिथ व्हिक्टरी' या एकाच मालवाहू जहाजावर सुमारे चौदा हजार माणसे होती. लवकरच परतू, अशा समजुतीने निघालेल्यांपैकी अनेकजण सीमेजवळच्या सोकचो येथे, समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर थांबले. २७ जुलै १९५३ च्या युद्धविरामाने परतीची वाट बंद झाली. त्या वस्तीला आजही 'अबाई' गाव म्हणतात. हामग्याँगच्या बोलीत अबाई म्हणजे वडीलधारा माणूस. काहींनी सेऊलच्या ओजांगदोंग भागात खानावळी उघडल्या. बटाट्याच्या सत्त्वाची जागा रताळ्याने घेतली आणि पाटीवर 'हामहुंग' हा शब्द आला. शहर आवाक्याबाहेर गेल्यावर पदार्थाला त्याचे नाव मिळाले.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे कवी पेक सक आठवेल. तो १९३० च्या दशकात हामहुंगमध्ये इंग्रजी शिकवत असे. १९४१ मध्ये त्याची 'शेवया' (कुक्सु) ही कविता प्रसिद्ध झाली. फाळणीनंतर तो उत्तरेतच राहिला, म्हणून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याची कविता दक्षिणेत निषिद्ध होती. उत्तरेच्या शेवया सेऊलमध्ये राजरोस विकल्या जात होत्या. त्यांच्यावरची कविता मात्र उघडपणे वाचता येत नव्हती.

म्हणूनच या पदार्थाची 'अस्सल' कृती कोणती, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आपण जिला अस्सल समजतो, ती रताळ्याची कृतीच मुळात निर्वासितांनी केलेली तडजोड आहे. ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या सरकारी भेटींची शेवटची फेरी ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. हामहुंग सोडून आलेली पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्या नातवंडांनी ते शहर पाहिलेले नाही. त्यांना त्याची चव तेवढी ठाऊक आहे, आणि तीही रताळ्याची.