डोहाळ्यांचे ताट: एक टिपण

'डोहाळे' हा शब्द 'दोहद' या संस्कृत शब्दापासून आला, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. त्यामागची कल्पना मात्र क्वचितच उलगडून दाखवतो. सुश्रुतसंहितेच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी 'दौहृदिनी', दोन हृदयांची, ठरते. तिची इच्छा डावलली तर अपत्यात व्यंग येते, असा इशाराही तेथे आहे. आपल्या डोहाळजेवणातील आग्रहाच्या मुळाशी हे भय असावे. मात्र ग्रंथात दोन हृदये आहेत, दोन पोटे नाहीत. 'दोन जिवांची, म्हणून दुप्पट खा' ही पुढची लोकसमजूत.

हे सारे आठवण्याचे कारण घरगुती आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या डोहाळजेवणासाठी आम्ही पेणहून रोह्याला गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी तिची गॅस्ट्रिक बायपास ही वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली होती. आत्याबाईंनी आग्रहाने वाढलेली बासुंदी दोन चमचे पोटात जाताच तिला घाम फुटला, छाती धडधडू लागली आणि तिला आडवे व्हावे लागले. नंतर ती म्हणाली, "मॅडम, प्रेम कळतं हो, पण पोटात जागाच नाही."

ही शस्त्रक्रिया अमेरिकेतील एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये प्रथम केली. तीत जठराची लहानशी पिशवी उरते आणि आतड्याचा आरंभीचा भाग वगळला जातो. साखर वेगाने आतड्यात उतरली की वर सांगितलेला त्रास होतो. म्हणूनच अशा गर्भिणींना मधुमेहाच्या तपासणीसाठी ग्लुकोजचे पाणी देणे सहसा टाळतात आणि काही दिवस घरीच रक्तातील साखर मोजतात. लोह, कॅल्शियम, फोलेट आणि बी-12 यांचे शोषणही घटते. शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिरावेपर्यंत, साधारण 12 ते 18 महिने, गर्भधारणा लांबवावी, असा सल्ला दिला जातो तो यासाठीच. त्यानंतरही थोडे थोडे आणि वारंवार खाणे, दिवसाकाठी किमान 60 ग्रॅम प्रथिने, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या आणि नियमित रक्ततपासणी हे पथ्य पाळावे लागते. गरोदरपणात वजन उतरवू पाहणे योग्य नव्हे. अमेरिकेच्या 2009 च्या शिफारशीनुसार आधीपासून स्थूल असलेल्या स्त्रीचेही वजन 5 ते 9 किलो वाढणे अपेक्षित असते.

'किती' यापेक्षा 'काय' महत्त्वाचे, हा धडा मुंबईनेच जगाला दिला आहे. 1928 मध्ये लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली आणि तिने गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवतींच्या पंडुरोगाचा अभ्यास सुरू केला. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, असे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटक म्हणजेच पुढे 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फोलिक ॲसिड. आमच्या विद्यार्थिनीच्या रोजच्या गोळीला गिरणगावातील त्या अनाम स्त्रियांचा असा इतिहास आहे.

आता थोडे कालिदासाविषयी. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गातील गर्भवती सुदक्षिणा माती खाते. कवीने त्यात भावी पुत्राच्या पृथ्वीभोगाची सूचना पाहिली. आजचे वैद्यक अशा ओढीत लोहाची उणीव शोधते. आमच्या विद्यार्थिनीनेही संकोचत सांगितले, की तिला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. आम्ही हसलो नाही. डॉक्टरांना सांगायला लावले. तपासणीत लोह बरेच कमी निघाले.

डोहाळे पुरवणे याचा मूळ अर्थ कदाचित हाच असावा: ताट भरणे नव्हे, तर त्या दुसऱ्या हृदयाचे ऐकणे. सुदक्षिणेच्या मातीकडे काव्य म्हणून पाहावे आणि लक्षण म्हणूनही. या दोन वाचनांत आम्हांला विरोध दिसत नाही.

महिन्याभराने त्याच घरी पोपटी लागली होती. भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या चार शेंगा आणि एक अंडे आत्याबाईंनी लहान वाटीत तिच्यापुढे ठेवले, आणि म्हणाल्या, "सावकाश खा. उरलं तर उरू दे."