भारतीय सैन्यभरतीतील पदबदल

भारतीय सैन्यभरतीतील पदबदल म्हणजे भरतीच्या वेळी निवडलेले किंवा मिळालेले पद, ट्रेड अथवा शाखा मूलभूत सैनिकी प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी बदलून घेणे. अमेरिकेसारख्या काही देशांत नावनोंदणी आणि प्रशिक्षण यांच्यामध्ये अनेक महिन्यांचा कालावधी असू शकतो व त्या काळात पदबदलासाठी करार नव्याने करता येतो. भारतात मात्र पदाची निवड मुख्यतः अर्ज भरतानाच होते. नावनोंदणी आणि प्रशिक्षण केंद्रात हजर होणे यांतील अंतर अल्प असते आणि त्यानंतरचा बदल उमेदवाराच्या इच्छेपेक्षा संघटनेच्या गरजेवर अवलंबून राहतो. भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यासह पूर्व विदर्भातील उमेदवारांची लष्करातील भरती नागपूर येथील सेना भरती कार्यालयामार्फत होते.

## पद, ट्रेड आणि रेजिमेंट

या विषयात तीन संकल्पनांची अनेकदा गल्लत होते. 'पद' म्हणजे ज्या प्रकारासाठी अर्ज केला जातो तो भरतीचा प्रकार. 'ट्रेड' म्हणजे सैनिकाला प्रत्यक्ष करावे लागणारे काम, उदाहरणार्थ चालक, स्वयंपाकी, शिंपी किंवा तांत्रिक कारागीर. 'रेजिमेंट' किंवा 'कोअर' म्हणजे ज्या दलघटकात सैनिकाची नेमणूक होते तो घटक. उमेदवार पदासाठी अर्ज करतो, तर ट्रेड आणि रेजिमेंट यांचे वाटप गुणवत्ता, रिक्त जागा व लष्कराची गरज पाहून केले जाते. त्यामुळे एखाद्याने पद स्वतः निवडले असले तरी ट्रेड किंवा रेजिमेंट त्याच्या पसंतीची मिळेलच असे नसते.

14 जून 2022 रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर लष्करातील शिपाई दर्जाची भरती मुख्यतः अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते. योजनेच्या अटींनुसार अग्निवीराची नेमणूक कोणत्याही रेजिमेंट वा युनिटमध्ये होऊ शकते आणि संघटनेच्या हितासाठी त्याची पुढे बदलीही करता येते. अर्ज करणारा उमेदवार ही अट मान्य करूनच भरतीस उभा राहतो.

## पदांचे प्रकार व पात्रता

अग्निवीर भरतीतील प्रमुख पदे पुढीलप्रमाणे आहेत.

* जनरल ड्युटी : दहावी उत्तीर्ण, एकूण किमान 45 टक्के व प्रत्येक विषयात किमान 33 टक्के गुण.
* टेक्निकल : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व इंग्रजी या विषयांसह बारावी विज्ञान उत्तीर्ण, एकूण किमान 50 टक्के व प्रत्येक विषयात 40 टक्के गुण. दहावीनंतर ठरावीक आयटीआय अभ्यासक्रम अथवा पदविका पूर्ण केलेल्यांनाही या पदाचा मार्ग खुला आहे.
* लिपिक व स्टोअर कीपर टेक्निकल : कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण, एकूण 60 टक्के व प्रत्येक विषयात 50 टक्के गुण. इंग्रजी, तसेच गणित, लेखाकर्म किंवा पुस्तपालन यांपैकी एका विषयातील गुणांचीही अट असते.
* ट्रेड्समन : दहावी उत्तीर्ण व आठवी उत्तीर्ण असे दोन उपप्रकार. हाउस कीपर व मेस कीपर ही कामे आठवी उत्तीर्ण प्रकारात येतात.

शैक्षणिक पात्रतेप्रमाणेच शारीरिक निकषही पदानुसार बदलतात. महाराष्ट्रातील उमेदवारांना जनरल ड्युटीसाठी सर्वसाधारणपणे 168 सेंटिमीटर उंची लागते, तर लिपिक पदासाठी 162 सेंटिमीटर पुरते. म्हणून 165 सेंटिमीटर उंचीच्या, कला किंवा वाणिज्य शाखेतील उमेदवाराला जनरल ड्युटीचे दार बंद असले तरी पुरेसे गुण असल्यास लिपिक पदाचे दार उघडे असते. याउलट दहावीत 50 टक्के गुण मिळवून शिक्षण थांबवलेल्या, पण उंची व धाव उत्तम असलेल्या उमेदवाराला लिपिक पदाकडे वळता येत नाही. पदबदल हा केवळ इच्छेचा प्रश्न नसून पात्रतेचा प्रश्न आहे, हे या उदाहरणांवरून दिसते.

वेतनाच्या दृष्टीने या पदांत फरक नाही. अग्निवीराचे मासिक वेतन पहिल्या वर्षी 30,000, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500 व चौथ्या वर्षी 40,000 रुपये असे ठरलेले आहे. त्यातील 30 टक्के रक्कम सेवा निधीत जमा होते आणि सरकारही तेवढीच भर घालते. जोखीम व खडतर सेवेचे भत्ते नेमणुकीनुसार वेगळे मिळतात. पदांमधील खरा फरक कामाचे स्वरूप, स्पर्धेची तीव्रता आणि चार वर्षांनंतर हाती राहणारे कौशल्य यांत असतो.

## भरतीचे टप्पे आणि बदलाची शक्यता

### अर्ज

पद बदलण्याची सर्वांत मोकळी संधी अर्ज अंतिमतः सादर करण्यापूर्वी असते. सादर झालेल्या अर्जातील पद त्या भरतीवर्षापुरते कायम धरले जाते. पूर्वी उमेदवाराला एकाच पदासाठी अर्ज करता येत असे. 2025 च्या भरतीपासून पात्रतेनुसार दोन पदांसाठी अर्ज करण्याची मुभा देण्यात आली. या बदलामुळे पहिल्या पसंतीच्या पदात अपयश आल्यास संपूर्ण वर्ष वाया जाण्याचा धोका काही प्रमाणात कमी झाला.

### परीक्षा व मेळावा

2023 पासून लष्कराने भरतीचा क्रम बदलला. आधी संगणकावरील सामाईक प्रवेश परीक्षा आणि तीत निवडलेल्यांसाठी नंतर भरती मेळावा अशी पद्धत सुरू झाली. मेळाव्यात 1.6 किलोमीटर धाव, पुल-अप, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि नागमोडी तोल चाचणी घेतली जाते. त्यानंतर शारीरिक मोजमाप, कागदपत्रांची तपासणी व वैद्यकीय तपासणी होते. प्रश्नपत्रिका व गुणवत्ता यादी पदानुसार वेगळी असल्याने एका पदासाठी दिलेल्या परीक्षेचे गुण दुसऱ्या, अर्ज न केलेल्या पदासाठी वापरता येत नाहीत. मेळाव्याच्या मैदानावर तोंडी विनंती करून पद बदलून मिळत नाही.

### नावनोंदणी

गुणवत्ता यादीत नाव आल्यानंतर निवड झालेल्या उमेदवाराची नावनोंदणी होऊन त्याला प्रशिक्षण केंद्राकडे पाठवले जाते. येथे उमेदवाराची स्थिती बदलते. तो अर्जदार राहत नाही, तर लष्करी कायद्याखालील व्यक्ती होतो. नावनोंदणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी एखादा उमेदवार माघार घेऊ शकतो. मात्र माघार घेणे आणि पद बदलून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माघार घेतल्यास त्याची जागा जाते व दुसऱ्या पदासाठी त्याला पुढील भरतीत नव्याने सर्व टप्पे पार करावे लागतात.

## कायदेशीर चौकट

अग्निवीरांची नावनोंदणी लष्कर अधिनियम, 1950 अन्वये होते. या अधिनियमाच्या कलम 13 नुसार नावनोंदणी अधिकाऱ्याने उमेदवाराला सेवेच्या अटी वाचून दाखवून समजावून सांगणे आणि विहित नमुन्यातील प्रश्न विचारणे बंधनकारक आहे. खोटे उत्तर दिल्यास शिक्षा होऊ शकते, याची सूचनाही त्याच वेळी द्यावी लागते. कलम 14 नुसार उमेदवाराला अटी पूर्णपणे समजल्या आहेत व त्या त्याला मान्य आहेत याची खात्री झाल्यावर सही घेतली जाते आणि त्या क्षणापासून तो नावनोंदणी झालेला मानला जातो.

कलम 15 मध्ये तीन महिन्यांची मर्यादा आहे. नावनोंदणी झालेल्या व्यक्तीने तीन महिने वेतन घेतले व तिचे नाव पटावर राहिले, तर नावनोंदणीतील अनियमिततेचे कारण पुढे करून तिला सेवामुक्ती मागता येत नाही. निवडलेले काम आवडले नाही, एवढ्या कारणाने पद बदलण्याचा हक्क या तरतुदीतून निर्माण होत नाही.

नावनोंदणी आणि शपथविधी हे दोन स्वतंत्र टप्पे आहेत. सेवेसाठी सक्षम ठरल्यावर किंवा विहित परिवीक्षा काळ पूर्ण झाल्यावर कलम 17 प्रमाणे सैनिकाला शपथ दिली जाते. प्रशिक्षणाच्या अखेरीस होणारा शपथग्रहणाचा सोहळा याच तरतुदीशी जोडलेला आहे. या दोन टप्प्यांदरम्यान रंगरुटाची नावनोंदणी झालेली असते, पण शपथ झालेली नसते. चांगला सैनिक होण्याची शक्यता नसलेल्या रंगरुटाला या काळात सेवामुक्त करण्याची तरतूद लष्कर नियम, 1954 मध्ये आहे. अग्निपथ योजनेच्या अटींनुसार चार वर्षे पूर्ण होण्यापूर्वी स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडता येत नाही. अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने तशी परवानगी मिळू शकते.

## प्रशिक्षण केंद्रातील बदल

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचे लष्करी प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झाले. नाशिक रोड येथील तोफखाना केंद्रासारख्या ठिकाणी ते 31 आठवड्यांचे होते. त्यात 10 आठवडे मूलभूत आणि 21 आठवडे पुढील प्रशिक्षण असे दोन भाग होते. महाराष्ट्रात व लगतच्या भागात कामठी येथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे, अहिल्यानगर येथे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे, खडकी येथे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे, बेळगाव येथे मराठा लाइट इन्फंट्रीचे आणि मध्य प्रदेशातील सागर येथे महार रेजिमेंटचे केंद्र आहे.

प्रशिक्षणादरम्यान चाचणीत मागे पडलेल्या रंगरुटाला नंतरच्या तुकडीत टाकले जाते. यास 'रेलेगेशन' म्हणतात व तो पदबदल नव्हे. वैद्यकीय कारणाने किंवा ट्रेडचे प्रशिक्षण पूर्ण करता न आल्याने दुसरा ट्रेड देण्याच्या पद्धतीला 'रिमस्टरिंग' असे नाव आहे. मात्र तो निर्णय संघटना घेते आणि त्यासाठी जागा रिक्त असणे व सैनिक नव्या ट्रेडला पात्र असणे आवश्यक असते.

## नौदल व हवाई दल

नौदलात अग्निवीरांची भरती प्रामुख्याने एसएसआर व एमआर या दोन प्रकारांत होते. त्यांचे मूलभूत प्रशिक्षण ओडिशातील आयएनएस चिल्का येथे होते. तेथे प्रशिक्षण घेतलेल्या पहिल्या तुकडीचे दीक्षान्त संचलन 28 मार्च 2023 रोजी झाले. उमेदवार प्रकार निवडतो, परंतु शाखा व ट्रेड प्रशिक्षणकाळात सेवेच्या गरजेनुसार ठरतात. हवाई दलातील अग्निवीरवायूंचे प्रशिक्षण बेळगावजवळील सांबरा येथील एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्ये होते. एका दलासाठी झालेली निवड दुसऱ्या दलात वर्ग करता येत नाही, कारण तिन्ही दलांची भरतीप्रक्रिया स्वतंत्र आहे.

## अमेरिकेतील पद्धतीशी तुलना

अमेरिकेत अनेक उमेदवार 'डिलेड एन्ट्री प्रोग्रॅम' या व्यवस्थेतून भरती होतात. त्यात सही केल्यानंतर प्रत्यक्ष प्रशिक्षणास जाईपर्यंत साधारणतः एक वर्षापर्यंतचा अवधी मिळू शकतो. या काळात उमेदवार वेतनावर नसतो. अभियोग्यता चाचणीतील गुण, वैद्यकीय पात्रता आणि रिक्त जागा अनुकूल असल्यास त्याला करारातील काम बदलून मागता येते. असा बदल लेखी करारात नोंदवला गेला तरच ग्राह्य ठरतो. भरती अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला तेथेही महत्त्व नाही.

दोन्ही पद्धतींतील मूळ फरक कराराच्या स्वरूपात आहे. अमेरिकेत विशिष्ट कामाची हमी कराराचा भाग असू शकते. भारतात नावनोंदणी लष्करी सेवेसाठी होते आणि नेमके काम ठरवण्याचा अधिकार मुख्यतः लष्कराकडे राहतो.

## लाखांदूर तालुक्याच्या संदर्भात

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, वैनगंगा व चुलबंद नद्यांच्या परिसरातील भातशेतीचा तालुका आहे. त्याच्या सभोवती गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांचे तालुके आहेत. जवळचे महत्त्वाचे रेल्वे स्थानक वडसा हे आहे. भरतीविषयक कामांसाठी उमेदवारांना नागपूर येथील सेना भरती कार्यालयाशी संबंध येतो. अर्जाची प्रक्रिया ऑनलाइन असल्याने पदाची निवड अनेकदा गावातील सेवा केंद्रात किंवा मोबाइलवर अर्ज भरताना, काही मिनिटांत केली जाते. प्रत्यक्षात हीच निवड पुढील चार वर्षांचे काम ठरवते.

## महत्त्व

पदनिवडीतील चुकीची किंमत वयोमर्यादेमुळे वाढते. अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते 21 वर्षे होती. केवळ 2022 च्या भरतीसाठी कमाल वय 23 करण्यात आले होते. बारावीनंतर, म्हणजे साधारण अठराव्या वर्षी, अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला अशा मर्यादेत मोजक्याच भरतींत उतरता येते. चुकीच्या पदामुळे गेलेले एक वर्ष त्यातील मोठा वाटा असतो.

चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील कमाल 25 टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे. उर्वरित अग्निवीर सेवा निधी व कौशल्य प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात. योजनेच्या घोषणेत सेवा निधीची रक्कम सुमारे 11.71 लाख रुपये सांगितली होती. ही रक्कम सर्व पदांना सारखी असली तरी प्रमाणपत्रातील कौशल्य सेवेतील कामानुसार वेगळे असते. म्हणून दहावी-बारावीचे विषयवार गुण, उंची, तांत्रिक शिक्षण आणि त्या वर्षीच्या जाहिरातीतील अटी यांची पडताळणी अर्ज सादर करण्यापूर्वी होणे निर्णायक ठरते.

## हे सुद्धा पहा

* अग्निपथ योजना
* भारतीय लष्कर
* मराठा लाइट इन्फंट्री
* महार रेजिमेंट
* लाखांदूर तालुका