दव का गोठते आणि पाण्याने स्ट्रॉबेरीचे फूल कसे वाचते

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेक व लिंगमळा परिसरात पहाटे दव गोठून स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकणांचा थर दिसतो. पाने बहुधा सावरतात. नुकसान होते ते फुलांचे. उमललेले फूल उणे 1 अंश सेल्सिअसच्या आसपास दगावते, मधला भाग काळा पडतो आणि फळ धरत नाही. पाणी देऊन हे टाळता येते, पण त्याच पाण्याने नुकसान वाढूही शकते.

हवेतील बाष्प म्हणजे वायुरूप पाणी, डोळ्यांना न दिसणारे. (धुके दिसते, कारण ते बाष्प नसून पाण्याचे बारीक थेंब असतात.) आकाश निरभ्र व वारा शांत असला की पाने रात्री उष्णता बाहेर टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. म्हणून तापमापकावर 2 अंश दिसत असताना पानावर बर्फ असू शकतो. थंड हवा जड असल्याने उतारावरून येऊन सखल वाफ्यांत साचते.

ज्या तापमानाला बाष्पाचे दव होऊ लागते, ते दवबिंदू तापमान. दव पडताना बाष्पातील अप्रकट उष्मा बाहेर पडतो, त्यामुळे तापमानाची घसरण मंदावते. हवा कोरडी असेल तर ही मदत उशिरा मिळते किंवा मिळतच नाही. संध्याकाळी आकाश स्वच्छ, वारा नाही आणि हवा कोरडी असेल, तर ती रात्र धोक्याची समजा.

आता हिशोब पाहा. विहिरीचे 20 अंशांचे 1 लिटर पाणी 0 अंशापर्यंत थंड होताना 20 किलोकॅलरी उष्णता देते. तेच गोठताना आणखी 80 देते. तुषार सिंचन सुरू असेपर्यंत फुलावर पाणी गोठत राहते आणि फूल 0 अंशाच्या जवळपास टिकते. ऊब बर्फाची नसते, गोठण्याच्या क्रियेची असते. याउलट 1 लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे 600 किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, म्हणजे गोठण्यातून मिळते त्याच्या साडेसातपट. तुषार मध्येच थांबले किंवा कोरडा वारा सुटला, तर ओले फूल कोरड्या फुलापेक्षाही थंड पडते.

त्यामुळे रात्रीच्या पाळीची वीज पहाटे जाणार असेल आणि जनरेटरची सोय नसेल, तर तुषार सुरूच करू नका. त्याऐवजी जमीन दिवसा ओलवून ठेवा. ओली जमीन उन्हाची उष्णता अधिक साठवते. सूर्यास्तापूर्वी वाफ्यांवर क्रॉप कव्हर अंथरा. शेकोटीचा धूर दाट दिसला, तरी पानांतून निघणारी उष्णता तो फारशी अडवत नाही.

तुषार लावणार असाल तर तापमापक फुलांच्या उंचीवर ठेवा. तो 2 अंशांवर येताच पाणी सुरू करा, हवा फार कोरडी असेल तर त्याहीआधी. ऊन येऊन बर्फ पूर्ण वितळेपर्यंत पाणी बंद करू नका. नंतरचे काही दिवस फुले व फळे तपासत राहा, कारण एवढ्या ओलाव्यात राखाडी बुरशीची फळकूज लवकर येते.