डाव्या हातचा मळ नव्हे

क्रोशा शिकायला बसलेल्या प्रत्येकीला (हल्ली प्रत्येकालाही) पहिल्या दिवशी एकच गोष्ट छळते. सुईचं एवढं काही नसतं. ती पेन्सिलसारखी धरा नाहीतर सुरीसारखी, दोन्ही चालतं. घोडं अडतं डाव्या हाताशी. करंगळीला धाग्याचा एक वेढा, मग मधल्या बोटांखालून तर्जनीवर. अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग धरणार, तर्जनी ताण सांभाळणार. धागा सैल सुटला की साखळी लोंबते, आवळला की पुढच्या ओळीत सुई टाक्यात शिरतच नाही. व्हिडिओ कितीही वेळा थांबवून पाहा, बोटं दिसतात, ताण दिसत नाही. शेवटी खामगावच्या मावशीनं माझी करंगळी धरली आणि म्हणाली, "आवळू नोको पोरी, त्याले सरकू दे."

खामगावात कुणाला धागा धरायला शिकवावं लागतं, ही गंमतच आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव कापसाच्या जीवावर मोठं झालं. आणि हातानं सूत कातणाऱ्या बाईचा डावा हात नेमकं हेच काम करायचा. उजव्या हातानं चरखा फिरवायचा, डाव्यात पेळू धरून सूत ओढायचं. जोर जास्त झाला तर सूत तुटतं, कमी पडला तर जाडंभरडं निघतं. हे कुणी लिहून ठेवत नसे. आईच्या शेजारी बसून हाताला कळायचं.

मग रेल्वे आली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आला आणि जलंब ते खामगाव या फाट्याचं उद्घाटन केलं. जेमतेम तेरा किलोमीटरचा रूळ, तोही मुख्यतः कापसाच्या गाठींसाठी.

त्या वेळचा कापूस आयुक्त होता हॅरी रिव्हेट-कार्नॅक. त्याचा हिशोब सरळ होता. रेल्वेनं स्वस्त विलायती कापड आत येईल, मग इथले कातणारे-विणणारे हात कापसाच्या शेतात मजुरीला मोकळे होतील, आणि कापूस आणखी वाढेल. त्यानं हे लपवून ठेवलं नव्हतं, अहवालात लिहिलं होतं. मला राग येतो तो याच मोकळेपणाचा. त्याच्या लेखी कातणं हे कौशल्य नव्हतंच, ते अडकून पडलेलं मनुष्यबळ होतं.

क्रोशाही त्याच साम्राज्याच्या वाटेनं आला. युरोपात त्याचे छापील नमुने १८२३ पासून सापडतात. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या कितीतरी कुटुंबांना क्रोशाच्या लेसनं तगवलं. आपल्याकडे सगळ्यात ठळक गाव म्हणजे आंध्रातलं नरसापूर. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना लेस विणायला शिकवलं. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली नरसापूरवर पुस्तक लिहिलं, त्यात एक गोष्ट टोचते. माल परदेशात जात होता, बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, तरी त्यांची ओळख 'घरी बसलेल्या गृहिणी' अशीच होती. आमच्याकडे तरी वेगळं काय? दारावरचं तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवरचं झाकण, हे सगळं मावशीनं "रिकाम्या वेळात" केलं म्हणतात. तिला रिकामा वेळ कधी होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मावशीच्या डब्यातल्या रिळाची चकाकीसुद्धा ताणातूनच आलेली असते. सूत कॉस्टिक सोड्यात बुडवलं तर ते बळकट होतं, हे जॉन मर्सरनं शोधलं आणि १८५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण ते बुडवताना ताणून धरलं तरच झळाळी येते, हे कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली. असल्या बारीक, गुळगुळीत दोऱ्याला लांब तंतूचा कापूस लागतो. वऱ्हाडचा जुना देशी कापूस आखूड तंतूचा. म्हणजे ज्या गावातून गाठींवर गाठी बाहेर गेल्या, तिथल्या बाईच्या तर्जनीवरून सरकणारा दोरा दुसऱ्याच कुठल्या शेतातला.

मोठ्या कारखान्यांनी बाकी सगळी वीण यंत्रावर नेली, पण क्रोशा अजून हातावरच राहिलाय. बाजारात क्रोशासारखा दिसणारा यंत्राचा कपडा मिळतो, त्याची वीण वेगळी असते. त्यामुळे मॉलमध्ये खराखुरा क्रोशाचा टॉप स्वस्तात दिसला, तर कुणाच्या तरी बोटांना कमी पैसे मिळालेत असं समजायला हरकत नाही.

माझी पहिली साखळी वीतभर झाली. निम्मी घट्ट, निम्मी लोंबती. मावशीनं शेवटच्या फासातून सुई काढली आणि धागा ओढला. सगळी साखळी सुरसुर उसवून मांडीवर आली, तोच धागा, थोडा कुरळा झालेला. तिनं तो माझ्या करंगळीला पुन्हा गुंडाळला. "घाल आता."