दक्षिणा, करारनामा आणि उत्पन्नाचा दाखला

आपल्या तुकडीतून एम.एस्सी.पर्यंत गेलेले किती, हे मेळाव्याच्या तयारीत मोजायला बसलो तर एका हाताची बोटे पुरली. कृषी विद्यापीठ राहुरीतच आहे, सायकलवर जाता येते. मग अडले कुठे? बहुतेकांचे पैशापाशी. म्हणून शिष्यवृत्तीचा हा थोडा इतिहास.

विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्यांच्यापासूनच सुरुवात करू. पेशवाईत श्रावणात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. कंपनी सरकारने ती कापत कापत चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास सुधारकांनी अर्ज केला, की यातला काही पैसा चांगल्या मराठी ग्रंथांना द्यावा. सनातनी खवळले, तेव्हा जोतीराव फुले अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे याच निधीतून कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. रानडे आणि भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते. अर्थात कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचणाऱ्यांनाच ते मिळे.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेस पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार. १९१७ मध्ये ते करार पाळायला बडोद्यास गेले, तर कोलंबियात शिकून आलेल्या या माणसाला गावात राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तिथूनही हुसकावले गेले. लंडनचे अपुरे शिक्षण त्यांनी पुरे केले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे उसने पैसे यांवर. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिच्यात परतफेड नव्हती. करारनाम्याचा जाच सोसलेल्या माणसाच्या काळात हे व्हावे, याचे मला फार वाटते.

यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १९५९ मध्ये ईबीसी सवलत आणली. तिथे जात विचारत नसत, उत्पन्न विचारत. माझ्या दाखल्यासाठी वडिलांचे दोन खाडे पडले, पण फी माफ झाली. मेसचे बिल मात्र माफ नव्हते. ते थोरल्या भावाने भरले.

माझ्यापेक्षा जास्त गुण असलेला आपला एक वर्गमित्र त्या बिलापाशीच थांबला आणि साखर कारखान्यावर हंगामी कामाला लागला. नाव लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची मुलगी आता बी.एस्सी. ॲग्री करून आयसीएआरच्या परीक्षेला बसते आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ठरावीक रक्कम. परवा त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "पहिला हप्ता हातात पडेपर्यंत घरून किती पैसे द्यावे लागतील रे?"

कागद काढला आणि दोघे मिळून हिशेब मांडला.