पेनिसिलिनचे कडे आणि लोखंडाचा एक अणू

दाढ सुजली, जखम चिघळली, की अमोक्सिसिलिनची कॅप्सूल तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतलेली असेल. धाडच्या मेडिकलमध्येही ती सहज मिळते. पण तिच्यातला पेनिसिलिनचा गाभा आजही केमिस्ट तयार करत नाही, बुरशी करते.

हा गाभा म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन कडी, एक चार अणूंचे आणि एक पाच अणूंचे. कार्बनबरोबर नायट्रोजन, गंधक असे वेगळे अणूही कड्यात बसलेले असतात, म्हणून अशा पदार्थांना विषमचक्रीय संयुगे म्हणतात. चार अणूंचे कडे वाकवलेल्या कामटीसारखे ताणलेले असते. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमशी गाठ पडली की ते उघडते आणि एन्झाइमला चिकटून बसते. भिंत कच्ची राहते, जिवाणू फुटतो. औषधाची सगळी ताकद या ताणात आहे, आणि ते बनवण्यातली अडचणही तीच.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या शेकडो रसायनतज्ज्ञांनी ते कृत्रिमरीत्या बनवण्याची खटपट केली. डोरोथी हॉजकिन यांनी 1945 मध्ये क्ष-किरणांनी रचना दाखवली, तरी जॉन शीहान यांना ते प्रयोगशाळेत बनवायला 1957 उजाडले. त्यांची पद्धत कारखान्याला परवडणारी नव्हती.

म्हणूनच 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा तिथे बुरशी वाढवण्याच्या मोठमोठ्या टाक्या बसल्या. पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झाले.

टाकीत बुरशी नेमके काय करते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ऑक्सफर्डचे जॅक बाल्डविन आणि इतरांनी पुढच्या काही दशकांत ते उलगडले. बुरशी आधी तीन अमिनो आम्लांची माळ ओवते. मग एका एन्झाइमच्या खोबणीत बसलेला लोखंडाचा एकच अणू ऑक्सिजनचा एक रेणू घेतो, माळेतले चार हायड्रोजन काढतो, आधी लहान कडे जोडतो आणि लगेच मोठे. उरते फक्त पाणी. धातूच्या मदतीने एकामागून एक घडणाऱ्या अशा अभिक्रिया आजचे रसायनतज्ज्ञ मुद्दाम घडवून आणतात. बुरशीला ते केव्हापासून जमते आहे!

गंमत अशी, की काही जिवाणूही धातूच वापरतात, पण कडे तोडायला. एनडीएम नावाचे त्यांचे एन्झाइम जस्ताच्या अणूंनी हे कडे फोडते आणि औषध वाया जाते. साध्या सर्दीला अमोक्सिसिलिन मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो ते यासाठीच. सर्दी विषाणूची असते, कॅप्सूलचा तिच्यावर उपयोग शून्य, आणि पोटातल्या जिवाणूंना मात्र फुकटचा सराव मिळतो.

घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसला मात्र अजून पेनिसिलिनवर तोड सापडलेली नाही. ऱ्हुमॅटिक तापाने ज्या मुलांच्या हृदयाची झडप बिघडली आहे, त्यांना दर तीन आठवड्यांनी दिले जाणारे इंजेक्शन म्हणूनच आजही काम करते. तो वार चुकवू नका. मध्यंतरी स्वस्त चिनी मालापुढे आपल्या देशातल्या पेनिसिलिनच्या टाक्या बंद पडल्या होत्या. 2024 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला त्या पुन्हा सुरू झाल्या.